बुडबुड्यांच्या तळीवर एक बोर्ड तरी लावा

मा. संपादक,

गोव्यात गरम पाण्याचे झरे कुठे बघायला मिळतील असं पाहुणे विचारतात तेव्हा मी सरळ सांगतो, त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळच्या उन्हाळे गावी नाहीतर तुरळ-राजवाडीला जा. पण जमिनीतून काहीतरी वर येताना बघायचंच असेल तर सांगे तालुक्यात नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी आहे की! पाणी थंडच, पण गोपीनाथाच्या देवळाकडच्या या तळीत तळातून सतत बुडबुडे येत असतात, पायऱ्यांवर निवांत बसून बघायचं. चालणंही थोडंसंच, आमची आजी आरामात जाऊन आली. पाय अजून शिवशिवत असतील त्यांनी पुढे सावरी धबधब्याकडे जावं, ती वाट मात्र अभयारण्यातली आहे, पावसात घसरते.

आता तक्रार. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं म्हणतात, म्हणून लोक देवळाच्या आवारात अक्षरशः बोंबलतात, स्पीकर काय, रील्स काय, आणि वर चिप्सची पाकिटं तिथेच टाकून गाडीत बसतात. देऊळ आहे, स्टेडियम नाही हो! खाली जमिनीतून गॅस येतो म्हणून बुडबुडे दिसतात, एवढं मराठी-कोंकणीत लिहिलेला एक साधा बोर्ड लावायला कितीसा खर्च येतो? आणि कचऱ्याचा डबा पार्किंगपाशीच ठेवा, तळीच्या काठावर नको, नाहीतर माकडं सगळं पाण्यात ओततील. गावातल्या पोरांना गाईड म्हणून नेमलं तर फारच बरं.

– एक वाचक, केपे