दुसरी किल्ली

गावभाग, सांगली
रविवार

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच ठेवलास म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू बोलू देत नाहीस आणि माझाही आवाज चढतो. कागदावर तरी दोघं शांत राहू.

आधी पक्याबद्दल. त्याच्यावर राग धरू नकोस. तू जिन्यात चक्कर येऊन पडलास, सलाईन लागलं, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, आणि घरी कुणाला पत्ता नाही. त्या पोरानं काय करायचं होतं? "अप्पा, मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण त्यानं जेवणच सोडलंय, रात्रभर बसतोय, आतून कडी लावतोय. मी आता काय करू ते सांगा," असं म्हणताना त्याचा आवाज कापत होता. तुझी आई समोर गवारी मोडत बसली होती. तिनं मला काही विचारलं नाही, फक्त परात बाजूला सरकवली.

आणि त्याबद्दल तू त्याला खोली सोडायला सांगितलंस! त्याच्याकडची किल्लीही घेतलीस. मग आता दुसरी किल्ली कुणाकडे आहे, चिनू? तेवढंच विचारत होतो, तर तू म्हणालास, "अप्पा, काम चालू असताना शेरलॉक होम्सही जेवत नव्हता."

हे वाक्य तू मला ऐकवावंस? मामानं आणलेल्या त्या डिस्क बारावीच्या सुट्टीत आपण दोघांनीच तर बघितल्या. आजी मध्येच येऊन विचारायची, "ह्या बाबाला बायको नाही का रे?" इंग्लंडच्या ग्रॅनाडा टीव्हीची ती मालिका, त्यात जेरेमी ब्रेट या नटानं केलेला होम्स. सपातीत ठेवलेली तंबाखू, लाकडात सुरी खुपसून अडकवलेली पत्रं, सोफ्यावर आडवा पडलेला असताना एकदम ताडकन उठणं. तू आठवडाभर तसाच हात झटकून बोलायचास. मला फार कौतुक वाटायचं. आमच्या घरात एवढं बारीक बघणारा माणूस झाला नव्हता. आजही तू दहा जणांना न सापडलेली चूक शोधून काढतोस असं तुझे साहेब म्हणाले, तेव्हा मी ते निम्म्या गल्लीला सांगून आलो होतो.

पण तू त्यातलं अर्धंच घेतलंस. 'डेव्हिल्स फूट'ची गोष्ट आठव. १८९७ साल. काम करून करून होम्सची तब्येत पार ढासळलेली, डॉक्टरांनी ठणकावून सांगितलेलं की सगळं सोडून विश्रांती घे, नाहीतर पुन्हा कामाचा राहणार नाहीस. म्हणून तो कॉर्नवॉलला समुद्राकाठी जातो, आणि जाताना त्याचा डॉक्टर मित्र वॉटसन बरोबर असतो. तिथंही हा गप्प बसत नाही. माणसाला वेड लावणारी विषारी पूड स्वतःच दिव्यावर जाळून बघतो. धूर डोक्यात चढतो. वॉटसनचीही शुद्ध जायच्या बेतात असते, पण त्या धुरातून त्याला मित्राचा पांढराफटक पडलेला चेहरा दिसतो. तो त्याला कवळ्यात धरून ओढत दाराबाहेर आणतो आणि दोघं गवतावर पडतात. शुद्धीवर येताना ब्रेट ओरडतो, "जॉन!" एरवी नेहमी वॉटसन, वॉटसन, आणि तिथं एकदम जॉन. तेव्हा तू रिमोट घेऊन तेवढाच तुकडा परत परत लावला होतास.

आणि नंतर होम्स माफी मागतो. असला प्रयोग स्वतःवर करणंही गैर, आणि मित्रावर तर दुप्पट गैर, असं म्हणतो. एवढा मानी माणूस! त्याच भागात तो कोकेनची सुई वाळूत पुरून टाकतो. ते मूळ गोष्टीत नाही. लहान मुलं ही मालिका बघतात हे ब्रेटच्या मनात होतं, म्हणून त्यानं मूळ गोष्टी लिहिणाऱ्या कॉनन डॉयलच्या मुलीची परवानगी घेऊन ते घातलं.

आता हेच सगळं आतून कडी लावलेल्या खोलीत झालं असतं तर? वॉटसन बाहेर उभा राहून दार वाजवत बसला असता. मी पुन्हा तिथंच आलो. येणार नाही असं ठरवूनच बसलो होतो.

वॉटसन म्हणजे नुसता मागून फिरणारा, असं पुष्कळांना वाटतं. जुन्या सिनेमांनी त्याला बावळट करून ठेवलं होतं. या मालिकेनं तसं केलं नाही. अफगाणिस्तानच्या लढाईतून आलेला जाणता डॉक्टर, तो कधी चिडतो, कधी दुखावतो, पण जात नाही. पहिले १३ भाग डेव्हिड बर्कनं केले, पुढं एडवर्ड हार्डविक आला. भावे नाट्यमंदिरात आयत्या वेळी दुसऱ्याच्या भूमिकेत उभा राहिलोय मी. लोक पहिल्यालाच शोधत असतात, त्यांच्यासमोर उभं राहणं किती अवघड ते मला कळतं. हार्डविकला तर पहिल्याच भागात मेला असं समजलेला मित्र समोर बघून चक्कर येऊन पडायचं होतं. त्यानं कसलाही आव न आणता ते केलं. मला तो बर्कहून उजवा वाटतो. तुझं मत उलटं होतं, त्यावर आपण जेवण गार होईपर्यंत वाद घातला होता.

ब्रेटचं पुढं काय झालं तेही तुला माहीत आहे. १९८५ मध्ये बायको कर्करोगानं गेली, मनाचा आजार बळावला, इस्पितळात राहावं लागलं. गोळ्यांनी अंग सुजलं, हृदयानं त्रास दिला. शेवटच्या मालिकेत, १९९४ मध्ये, त्यानं 'डाइंग डिटेक्टिव्ह' केला. त्या गोष्टीत होम्स आजारी पडल्याचं सोंग करतो आणि वॉटसनला जवळ येऊ देत नाही, कारण डॉक्टरच्या नजरेला सोंग कळेल. आणि ते सोंग करणारा माणूस खरोखर आजारी होता. एका भागात तर तो उभाच राहू शकला नाही. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट, म्हणजे चार्ल्स ग्रे, त्याच्या वाटचं काम करून गेला. सगळ्या ६० गोष्टी करायचं त्याच्या मनात होतं. ४१ भाग झाले. सप्टेंबर १९९५ मध्ये तो गेला, वय ६१. मी आज त्याहून मोठा आहे आणि तू पुरता पस्तिशीचाही नाहीस.

हे असं लिहायला नको होतं. आई वाचून रागावेल. पण खोडत नाही.

तू म्हणशील, अप्पा भाषण द्यायला लागले. देतोय खरा, माफ कर. तू किती वाजता झोपावंस, काय खावंस, हे सांगायचं माझं वय गेलं आणि ऐकायचं तुझंही. नोकरी सोड असंही म्हणत नाही. फक्त एकटा राहू नकोस.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तू पुण्यात अडकला होतास, रस्ते बंद. पक्या छातीएवढ्या पाण्यातून आला. आजी म्हणाली, मी कृष्णामाईला सोडून कुठं जाणार नाही. त्यानं वाद घातला नाही. पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "आजी, बसा. माईला सांगूनच जाऊ." तिला तसंच पाठीवर घेऊन जिना उतरला. विश्रामबागला त्याच्या मावशीकडं आम्ही पाणी ओसरेपर्यंत राहिलो, आणि रोज रात्री तो तुला फोन लावून द्यायचा. आजीनं शेवटच्या दिवसांत तुमच्या दोघांची नावं एका दमात घेतली. अशा माणसाला तू बाहेर काढलंस, चिनू.

त्यानं नवी खोली घेतली आहे, तुझ्यापासून लांब नाही. पत्ता त्याच्या आईकडून घेतलाय, तो मागच्या बाजूला लिहिलाय. तू जा. होम्सला माफी मागताना कमीपणा वाटला नाही. आणि परत राहायला येणं त्याला जमणार नसेल तर किल्ली तरी त्याच्याकडे दे.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय. नको म्हणू नकोस. आई भडंग आणि थालीपीठाची भाजणी देणार आहे, थालीपीठं मी लावीन. डॉक्टरांचे कागद काढून ठेव. मिरजेच्या आपल्या डॉक्टरांना ते एकदा दाखवतो.

ताईला यातलं काही बोललो नाही. तिचे दिवस भरत आलेत. तिचा फोन आला तर बरा बोल, आणि बाळंतपण पार पडल्यावर तूच तिला सांग.

तुझे,
अप्पा