वाड्यांची यादी कोण करणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात धुळ्यात आमच्या गल्लीतील एक दुमजली सागवानी वाडा पाडला गेला. तीन दिवस जेसीबी चालला, तुळया, खांब आणि तुळयांना आधार देणारे कोरीव हस्त जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेले आणि चौथ्या दिवशी तेथे पत्र्याचे कुंपण उभे राहिले. यात बेकायदा काहीही घडले नाही, आणि माझे दुखणे नेमके तेच आहे. सरकारदरबारी त्या वाड्याची ओळख घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि घरपट्टी एवढीच होती. तिथे काय आहे हेच कोठे लिहिलेले नव्हते, मग काय गेले हे तरी कोण विचारणार?

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बाथ या शहरात पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. तो भाड्याने राहतो ते घर जॉर्जियन काळातले आहे. 1714 ते 1830 या काळात तेथे चार जॉर्ज राजे एकापाठोपाठ गादीवर आले, त्यावरून त्या काळच्या बांधकामाला हे नाव पडले. भिंतीला भिंत लागून ओळीने उभी असलेली ही उंच, अरुंद घरे बाहेरून अगदी साधी दिसतात. स्वयंपाकघर तळघरात आणि पाहुण्यांची मोठी बैठक पहिल्या मजल्यावर, जशी आपल्याकडे माडीवर असते. त्यामुळे सर्वांत उंच खिडक्या पहिल्या मजल्याला आणि वर जावे तशा त्या आखूड होत जातात. मी आयुष्यभर स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली, तरी या साधेपणामागे आगीचे भय आहे हे मला तेथे गेल्यावर कळले. लंडनमधील 1666 च्या भीषण आगीनंतर नियम कडक होत गेले. 1707 च्या कायद्याने छताखालच्या लाकडी नक्षीपट्ट्या बंद केल्या आणि घराघरांमधील भिंती छपराच्या वर न्यायला लावल्या, 1709 च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत घ्यायला सांगितली, तर 1774 च्या कायद्याने घरांचे आकारमानानुसार व किमतीनुसार वर्गच ठरवून दिले. हे नियम लंडनपुरते होते, पण ते वळण पुढे इतर शहरांनीही उचलले. बांधकामाचा नियम नीट पाळला तर त्यातून देखणेपणाही येतो, हे आमच्या खात्यात कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

पुतण्याच्या घरमालकाला खिडक्यांना दुहेरी काचा बसवायच्या होत्या. त्याला परवानगी मिळाली नाही, जुनी चौकट तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी तावदाने लावावी लागली. त्याने कुरकुर केली, पण कायदा त्याला ठाऊक होता, कारण घर विकत घेतानाच ते जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत असल्याचे त्याला माहीत होते. ही यादी दुसऱ्या महायुद्धातून जन्मली. बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या घरांपैकी कोणती पाडू नयेत हे ठरवण्यासाठी वास्तुतज्ज्ञांनी गावोगाव याद्या केल्या आणि 1947 च्या नगररचना कायद्याने त्या कामाला कायमचे रूप दिले. आज एकट्या इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतल्या आहेत. त्यांत साध्या राहत्या घरांची संख्या मोठी आहे. मालक त्यात राहतो, भाड्याने देतो, विकतोही, मात्र परवानगीशिवाय घराचे स्वरूप बदलणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. तिथेही अतिरेक होतो. बाथमधील घरांच्या प्रसिद्ध अर्धचंद्राकार ओळीतील 22 क्रमांकाच्या घराचे दार मालकिणीने 1970 च्या दशकात पिवळे रंगवले म्हणून नोटीस निघाली, चौकशी झाली आणि अखेर निकाल बाईंच्या बाजूने लागला. ते दार आजही पिवळेच आहे.

आता धुळ्याकडे येतो. नवे धुळे वसवले ते कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने, 1819 मध्ये. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता, म्हणजे काळाच्या हिशेबाने आमच्या सरळ आखलेल्या पेठा त्या घरांच्याच समकालीन ठरतात. येथे येऊन वसणाऱ्यांना जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी तगाई म्हणजे सरकारी कर्जही दिले, अशी नोंद खानदेशच्या गॅझेटिअरमध्ये आहे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत येथे आणि पारोळा, एरंडोल, अमळनेर, चोपडा या गावांत जे वाडे उभे राहिले त्यांचेही स्वतःचे शास्त्र आहे. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, तळखड्यावर म्हणजे दगडी बैठकीवर उभे सागवानी खांब, खणांच्या म्हणजे दोन खांबांमधील अंतराच्या हिशेबाने आखलेल्या खोल्या, कडीपाटाच्या लाकडी छतावर मातीचे धाबे आणि मधोमध उजेड-वारा देणारा चौक. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा अशा माजघरात पंख्यावाचून झोप लागते. नव्या सिमेंटच्या घरात कूलर लावूनही लागत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. प्राचीन स्मारकांसाठी 1958 चा केंद्राचा आणि 1960 चा राज्याचा कायदा आहे. परंतु त्यांची नजर किल्ले, लेणी, मंदिरे, कबरी यांच्यावर असते. बळसाणे येथील मंदिरे किंवा थाळनेरच्या कबरी संरक्षित आहेत, हे योग्यच आहे. राहत्या वाड्याला मात्र तेथे जागा मिळत नाही. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली करून राहत्या इमारतींनाही श्रेणी दिल्या. राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्यातील कलम 22 नुसार विकास योजनेत वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते आणि राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही वारसा इमारतींचा विचार आहे. म्हणजे नवा कायदा मागण्याची गरज नाही. अडले आहे ते यादीपाशी.

मालकांची भीती मला समजते, कारण आमचाही अर्धा वाडा उभा आहे आणि मालमत्ता पत्रकावर सतरा वारसांची नावे आहेत. 'हेरिटेज' हा शब्द उच्चारला की चुलतभाऊ दचकतात. आता खिळाही ठोकता येणार नाही, असे त्यांना वाटते. मोठ्या स्मारकांभोवतीच्या शंभर मीटरच्या बांधकाम-मनाईचा अनुभव ऐकून ही भीती बसली आहे आणि ती पोकळ नाही. त्यातच दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस येते, तीत 'पाडा' असे स्पष्ट लिहिलेले असते, पण धाब्याची माती बदलून आणि कुजलेली तुळई काढून ती इमारत वाचते का, हे पाहायला कोणी येत नाही. संरक्षण म्हणजे केवळ बंदी असेल, तर यादीत नाव येण्याच्या आदल्या रात्रीच वाडे पडतील.

म्हणून खानदेशातील महापालिका व नगरपालिकांकडे माझे मागणे अगदी मर्यादित आहे. प्रत्येक जुन्या पेठेतील वाड्यांची घरनिहाय नोंद करावी, एका पानावर नकाशा, छायाचित्र आणि जपण्याजोगे काय आहे त्याचे वर्णन असावे. अशा घरांच्या घरपट्टीत सवलत द्यावी, दुरुस्तीची परवानगी पंधरा दिवसांत मिळावी आणि पाडण्याचा अर्ज आल्यास निर्णयापूर्वी ते पान उघडून पाहण्याची सक्ती असावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी हे मोजमाप एका उन्हाळ्यात करू शकतात. आमच्या गल्लीतील चार वाड्यांची मोजमापे आणि आराखडे मी निवृत्तीनंतर हौसेने काढून ठेवले आहेत. त्यांपैकी एक वाडा आता फक्त माझ्या कागदावर उरला आहे. उरलेल्या तिन्हींच्या प्रती जे कार्यालय मागेल त्याला मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
धुळे