दुपारी तीनची माघार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातला अमेरिकी पक्षांच्या उमेदवार निवडीवरचा लेख वाचला. २००८ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ओबामांशी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांनी मार्चमध्येच समंजसपणे माघार घेतली असती तर डेमोक्रॅट पक्षाची पुढची शोभा टळली असती, असे लेखकाचे म्हणणे आहे.

गणित त्यांच्या बाजूने आहे. उमेदवारीसाठी राज्याराज्यांत पाळीपाळीने मतदान होते; त्यात फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने अकरा लढती मारल्या होत्या. शिवाय त्या पक्षात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, जिंकणाऱ्याच्या पदरात सगळे पडत नाहीत. पेनसिल्वेनियासारखे मोठे राज्य नऊ टक्क्यांनी जिंकूनही हिलरींच्या हाती जास्तीचे डझनभरच प्रतिनिधी लागले. तूट शंभरावर होती. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी तर मार्चअखेरीसच ‘आता थांबा’ असे जाहीरपणे सुनावले होते.

पण त्या मे महिन्यात मी इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसला होते, लेकीच्या बाळंतपणाला. शेजारी सत्तरीच्या एक आजी राहायच्या. नातवाला बाबागाडीतून फिरवताना त्यांची गाठ पडायची. दारावर अडकवलेली दोन्ही बाजूंची पत्रके त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली होती, लग्नपत्रिका लावाव्यात तशी. एरवी इंडियानाचा नंबर लागेपर्यंत सगळे ठरून गेलेले असायचे. आपली पंगत बसते तेव्हा जिलबी संपलेली, तसला प्रकार. आजींना आठवत होते ते थेट १९६८, रॉबर्ट केनेडी तिथे मे महिन्यात जिंकले तेव्हाचे. चाळीस वर्षांनी कोणीतरी त्यांचे मत मागायला दारात आले होते. ‘मागे पडलेल्या बाईंनी घरी जावे’ हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

६ मे रोजी हिलरी इंडियानात जेमतेम १४ हजार मतांनी जिंकल्या, त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात सपशेल हरल्या. तिथल्या ‘लेक काउंटी’ या जिल्ह्याची मोजणी रात्री उशिरापर्यंत रखडली आणि जावई सोफ्यावरच झोपला. टीव्हीवाल्यांनी त्या रात्रीच उमेदवार ओबामा हे ठरवून टाकले.

आता लेखात नसलेली गोष्ट. नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ओबामांनी इंडियाना जिंकले, सुमारे २८ हजार मतांनी. १९६४ नंतर तिथे डेमोक्रॅट पहिल्यांदाच जिंकला. नॉर्थ कॅरोलिनाही १९७६ नंतर पहिल्यांदाच पक्षाकडे आले, तेही काठावर. मंदी आणि बुश यांच्यावरचा राग ही कारणे होतीच. पण एप्रिल-मेमध्ये उघडलेली कार्यालये, नव्याने नोंदवलेले मतदार, घरोघरी फिरून केलेल्या याद्या कुठे वाया जातात? लढत मार्चमध्येच संपली असती, तर त्या राज्यांत इतक्या लवकर एवढी माणसे कोणी कामाला लावली नसती.

हिलरींचे सगळे बरोबर होते असे नाही. मिशिगनमध्ये पक्षाचा नियम मोडून आधीच मतदान झाले होते आणि मतपत्रिकेवर ओबामांचे नावच नव्हते. तरी ती मते धरा, हा त्यांचा हट्ट मला तेव्हाही पटला नव्हता. मे अखेरीस जून १९६८ मधल्या त्याच रॉबर्ट केनेडींच्या हत्येचा दाखला देऊन शर्यत लांबल्याचे समर्थन करणे तर अशोभनीयच. त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मागे असलेल्याने शेवटपर्यंत पळावे, पण पळता पळता रेघ सरकवू नये.

३ जूनला मोंटाना आणि साउथ डकोटा ही शेवटची राज्ये उरकली, ७ जूनला त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. लेखक ज्याला ताणणे म्हणतात ते एवढेच.

‘समंजस माघार’ हे शब्द वाचून मला मात्र आमच्याकडची अर्ज मागे घेण्याच्या दिवसातली दुपारी तीनची वेळ आठवली. बंडखोराची सकाळपासून मनधरणी, कुठले तरी महामंडळ देण्याचा शब्द, फोन बंद, मग पावणेतीनला गाडीतून उतरून सही. त्यात मतदाराला विचारायचा प्रश्नच येत नाही. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाला मिळाला, हेसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशी तुमच्याच पेपरात कळते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड, पुणे