हिशेब घेणारा राजा

माननीय संपादक महोदय,

ख्रिस्ती प्रार्थनेतील ‘राजा’, ‘राज्य’, ‘सिंहासन’ ही भाषा सरंजामी लाचारीची खूण असल्याचा निकाल आपल्या कालच्या अंकातील लेखाने देऊन टाकला आहे. विद्वान लेखकांनी ख्रिस्त राजाचा सणही मध्ययुगात ढकलला. हा सण पोप पायस अकरावे यांनी १९२५ साली सुरू केला. तोवर रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियाची सिंहासने कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. अशा वेळी ‘खरा राजा वेगळाच आहे’ असे म्हणणे ही खुशामत कशी, हे लेखकांनीच सांगावे.

बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय त्यांनी वाचलेला दिसत नाही. इस्राएली लोक राजा मागतात तेव्हा शमुवेल संदेष्टा त्यांना बजावतो, की तो तुमची मुले लढाईला नेईल, शेते घेईल, धान्याचा दशमांश घेईल आणि शेवटी तुम्हालाच दास करील. देवाला राजा मानणाऱ्या परंपरेतच राजेशाहीवर इतकी कडक टीका आहे. पुढे लोक येशूला बळजबरीने राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. आणि त्याला मुकुट मिळतो तो काट्यांचा, तोही सैनिकांनी थट्टेने घातलेला.

या भाषेचा गैरवापर होतो, हे मात्र मला कोणी शिकवू नये. आमच्या चर्चच्या वार्षिक सभेत मी इमारत निधीचा जमाखर्च मागितला असता, ‘राजाच्या दरबारात हिशेब विचारायचा नसतो’ असे उत्तर व्यासपीठावरून मिळाले आणि त्यावर चक्क टाळ्याही पडल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने स्वर्गाच्या राज्याला जी उपमा दिली आहे, ती आपल्या दासांकडून हिशेब घेणाऱ्या राजाचीच आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर माझ्या विश्वासाविषयीच शंका घेण्यात आली. जमाखर्च अद्याप मिळालेला नाही. म्हणजे अडचण राजाची नसून त्याच्या नावाने गादीवर बसणाऱ्या कारभाऱ्यांची आहे, आणि त्यांच्याविषयी आपल्या लेखात अवाक्षरही नाही. प्रार्थनेतून ‘राजा’ हा शब्द काढला, तर ही मंडळी उद्या ‘पित्याच्या घरात हिशेब कसला?’ असे म्हणतील.

लेखासोबत छापलेले, रत्नजडित मुकुट घालून सोन्याच्या आसनावर बसलेल्या येशूचे चित्र कोणी निवडले, तेही कृपया कळवावे. आणि यापूर्वीच्या माझ्या पत्राची काटछाट करून दोनच ओळी छापल्या होत्या, तसे या वेळी करू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक