समाजशास्त्र घोकून कसं येणार?

संपादक साहेब,

अकरावी आर्ट्सला गेलेल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या व्याख्या लिहून देतात, परीक्षेला येणार म्हणून अंडरलाइन पण करायला लावतात, आणि समाजाचा अभ्यास करतात कसा हे सांगायचं राहूनच जातं. आमच्याकडचं पिंपळे सौदागर आज टॉवर आणि आयटीवाल्यांचं म्हणून सगळ्यांना माहितीये, पण 1917 साली याच गावावर हॅरॉल्ड मान यांचं पुस्तक आलं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल, माणूस मूळचा केमिस्ट, तरी सहकाऱ्यांना घेऊन कुणाची जमीन किती, कर्ज किती, मजुरी कुठे करतात सगळं खोदून काढलं, जुने रेकॉर्ड पण चाळले. 1771 ला सरासरी 40 एकर असलेली जमीन वाटण्या होत होत 7 एकरांवर आलेली निघाली. शेतकरी आळशी म्हणून मोकळं होणं सोपं होतं की!

मुलांना असंच काहीतरी करू द्या ना. सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी कुठल्या जिल्ह्यातल्या, गाव का सोडलं, एवढंच विचारायचं, आधी परवानगी घेऊन, नाव न लिहिता, आणि मालकीणबाईंनी मधे उत्तरं द्यायची नाहीत (फार होतं ते). मग दहा जणींवरून सगळ्या शहराबद्दल बोलता येतं का, यावर वर्गात तासभर जुंपेल, सॅम्पल म्हणजे काय ते तिथंच कळेल. मार्कांचं म्हणाल तर प्रोजेक्ट असतातच, सध्या ते झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात.

– एक पालक, पिंपरी