माथा ते पायथा

पुणे
रविवार, रात्री दहा

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

गुरुवारी बोलता बोलता तुझ्याकडे नळाला पाणी आलं आणि तू घाईनं फोन ठेवलास. ठेवता ठेवता म्हणालास, "अरे, आपलं काम आत्मे जिंकायचं. नद्यांचं बघायला सरकार आहे. ही पृथ्वी शेवटी जळूनच जायची आहे, पेत्रानं लिहून ठेवलंय." तेव्हापासून ते मनातून जात नाही. शाब्बाथ शाळेत आपण एकाच सतरंजीवर बसून वचनं पाठ केली, म्हणून तुझ्याशी मोकळेपणानं वाद घालतोय.

पेत्राचंच आधी घेतो. बायबलातल्या त्याच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन आपण 'जळून जातील' असं पाठ केलंय. पण सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तिथं 'सापडतील' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. म्हणजे पृथ्वी आणि तिच्यावर आपण केलेली कामं उघडी पडतील. मला तर हे जास्त भयंकर वाटतं. त्याच्या थोडं आधी पेत्र जलप्रलयाची आठवण देतो. त्या वेळचं जग बुडालं, पण जमीन राहिली. नोहा त्याच जमिनीवर उतरला, त्यानं द्राक्षमळा लावला, आणि देवानं करार केला तो एकट्या नोहाशी नव्हे, तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी.

आणि उत्पत्तीच्या पुस्तकात देवानं माणसाला पृथ्वीवर 'सत्ता चालवा' म्हटलंय असं म्हणशील, तर पुढचंही पान उलट. दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं. राखण करणं याला मूळ हिब्रूत 'शामर' हे क्रियापद आहे. दर रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब बायबलच्या गणना पुस्तकातला आशीर्वाद देतात ना, 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो', त्यातही हेच 'शामर' आहे. जी राखण आपण मान खाली घालून देवाकडे मागतो, तीच त्यानं आपल्याकडे मातीसाठी मागितली होती. हे कळलं त्या दिवसापासून मला तो आशीर्वाद नुसता ऐकून घरी जाता येत नाही.

आता माझं सांगतो. मी सात वर्षं मंडळीच्या कमिटीवर होतो. हंगामाच्या सणाला भाज्या, अंडी, कोंबड्या, ज्वारीची पोती मांडायची, उपासनेनंतर लिलाव, मग प्रीतिभोजन. चोविसावं स्तोत्र मीच वाचायचो, पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे म्हणून. आणि जेवणं उरकली की थर्माकोलच्या ताटल्या, ग्लास, उरलेला रस्सा, सगळं देवळामागच्या ओढ्यात. कचरा उचलायला गाडी बोलावली तर पैसे पडतात, म्हणून तसं सांगणाराही मीच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आम्ही ताटल्या बदलल्या खऱ्या, पण दंडाच्या भीतीनं. द्रोण-पत्रावळी आणि उष्टं जात होतं ओढ्यातच.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? पहाटे चारला पाणी आलं. तू ड्रम सरकवत होतास, वहिनींनी नळाला फडकं बांधलं. थोड्या वेळानं त्यांनी ते सोडून माझ्या हातात दिलं, "भावजी, पिळून द्या." त्याचा हिरवट चिकटा बोटांना लागला आणि पोटात कसंतरी झालं. आमचा ओढा मुठेत जातो. संगमावर मुठा मुळेला मिळते, मग बंडगार्डन, मुंढवा, पुढे दौंडच्या अलीकडे भीमा. भीमा उजनीत. उजनीचं पाणी सोलापुरात, तुझ्या नळाला. उजनीतून सुटलेली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि वारकरी तिच्यात स्नान करतात. त्या फडक्यावरचं सगळं काही आमच्या ओढ्यातलं नव्हतं, एवढं मलाही कळतं. पण 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' म्हणताना शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा, असंच मी धरून चाललो होतो. नदीचा शेजारी खालच्या अंगाला राहतो रे. माझा शेजारी तू होतास.

तू म्हणतोस, हे मिशनचं काम नव्हे. फादर हर्मन बाखर यांचं आयुष्य बघ. १९४८ साली स्वित्झर्लंडहून आलेले हे जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत पाणलोटाच्या कामात उतरले. १९९३ मध्ये त्यांच्या पुढाकारानं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी राहिली, ती आज इथं पुण्यातूनच काम करते. या कामाची रीत अशी: गावानं आधी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचं, आणि कामाला हात घालायचा तो डोंगरावरून. वर समतल चर, मग बांधबंदिस्ती, सगळ्यात शेवटी नाल्यावरचे बांध. माथा ते पायथा. खालून सुरुवात केली तर वरून वाहून येणारी माती बांध भरून टाकते. दुसऱ्यांच्या माथ्यावर आम्ही पुणेकर बसलोय, हे मला त्या तीन शब्दांनी शिकवलं.

वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डर आणि टँकरवाल्यांपुढे उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्याच पहाटे इथं मुठेचं पाणी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत शिरलं होतं. त्या दिवसाची आठवण झाली की दोन्ही बातम्या एकदमच येतात.

आपण प्रोटेस्टंट, पण पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं 'लाउदातो सी' हे परिपत्रक वाच. ऑर्थोडॉक्स पात्रिआर्क बार्थोलोम्यू यांचा हवाला देऊन ते सृष्टीच्या घाताला सरळ पाप म्हणतात. मला तोच शब्द हवा होता. पर्यावरण दिनाला रोप लावून फोटो काढण्यानं माझं ओझं उतरत नव्हतं. पाप म्हटलं की कबुली आली, क्षमा आली, आणि वाट बदलणंही आलं.

म्हणून गेल्या महिन्यात कमिटीपुढे ओढ्याचं सगळं सांगितलं. प्रभुभोजनाआधीच्या पापकबुलीत नदीचा उल्लेख यावा, अशी विनंती केली. एक वडीलधारे रागावले, "वेदीपुढे कचरा कशाला आणता?" मी म्हणालो, तो तिथूनच तर गेलाय. बराच वेळ कुणी बोललं नाही. उल्लेखाचं अजून ठरलेलं नाही, पाळकसाहेब विचार करतो म्हणालेत. पण या सणाला स्टीलची ताटं येताहेत, घासायला तरुण संघाची मुलं आहेत, आणि उष्ट्यासाठी आवारात खड्डा खणलाय. पहिल्या दिवशी कुदळ मीच मारली.

सणाला तू ये. वहिनींनाही आण. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणलीस तर लिलावात बोली माझी. आणि नळाला बांधलेलं फडकं आता कसं निघतं, ते कळव.

तुझाच,
जुना सोबती