कर्ज एकरकमी फेडून देण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिकेटचा मोठा हंगाम संपला की महिन्या-दोन महिन्यांत पतसंस्थेच्या नोटिसा घरोघरी पोहोचू लागतात. सट्ट्यात हरून कर्ज झाल्याची कबुली मुलगा किंवा नवरा रडत देतो. वडील एफडी मोडतात, आई दागिने गहाण टाकते, देवासमोर शपथ होते. काही महिन्यांनी पहिल्यापेक्षा मोठी रक्कम समोर येते. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांना हा क्रम पाठ आहे, तरी प्रत्येक नवे घर त्याच वाटेने जाते. म्हणून हे पत्र.

जुगाराचा विकार ओळखण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ जे नऊ निकष वापरतात, त्यांतला एक असा आहे : जुगारामुळे आलेली कोंडी फोडायला दुसऱ्याच्या पैशावर विसंबणे. म्हणजे घरच्यांनी मोठ्या मनाने केलेली कर्जफेड त्या आजाराचा भाग असते. कबुलीत पूर्ण रक्कम जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. सहा लाख देणे असेल तर चार लाख सांगितले जातात, बाकीचे लाजेपोटी पोटात राहतात. घरचे चार लाख भरतात. उरलेले दोन लाख कोणाला न कळता फेडायचे, तर नोकरदार माणसाला एकच झटपट मार्ग दिसतो, तो म्हणजे पुन्हा खेळणे. शिवाय जुनी कर्जखाती बंद झाल्याने नवे कर्जही सहज मिळते.

या आजाराला तोंडाचा वास नाही, झोकांडी नाही, त्यामुळे तो उशिरा कळतो. खात्याच्या उताऱ्यात मात्र दिसतो. अनोळखी व्यक्तींच्या नावे ५००, १०००, २००० असे यूपीआय व्यवहार, नावे दर आठवड्याला बदललेली, वेळ सामन्याची किंवा मध्यरात्रीनंतरची. बेकायदा सट्ट्याची ‘आयडी’ (खेळण्यासाठीचे ऑनलाइन खाते) देणारे भाड्याच्या खात्यांवर पैसे घेतात आणि खाती गोठली की नवी देतात, म्हणून नावे सतत बदलतात. पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाते रिकामे, लोन अ‍ॅपचे संदेश, भिशीचा हप्ता चुकलेला, मित्रांकडून दोन-दोन हजारांची उसनवारी, फोन उलटा ठेवण्याची सवय. यातले एखादे सुटे दिसले तर निष्कर्ष काढू नये. तीन-चार एकत्र दिसली तर मात्र दोन प्रश्न थेट विचारावेत. अधिकाधिक पैसे लावल्याशिवाय चैन पडत नाही असे कधी झाले का? किती खेळतो हे जवळच्या माणसापासून लपवावे लागले का? एकाचेही उत्तर हो असेल, तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घ्यावी. नऊपैकी चार निकष वर्षभरात आढळले की निदान होते. हरलेले भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणे हा त्यांतला फार बोलका निकष. ‘आज रिकव्हर करून बंद करतो’ हे वाक्य घरात ऐकू आले तर ते हलक्यात घेऊ नये.

रिकव्हर का होत नाही, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. मटक्यात एका अंकाला दहाला नव्वद हा रूढ भाव आहे (भागाभागानुसार थोडा फरक पडतो). दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात, नव्वद येतात. सोडत प्रामाणिक मानली तरी दर फेरीला सरासरी दहा टक्के कापले जातात, आणि जिंकलेले पुन्हा लावत गेले की सातव्या फेरीअखेर हजाराचे सरासरी चारशे अठ्ठ्याहत्तर उरतात. आधी आलेल्या अंकांचे चार्ट घेऊन बसणारे म्हणतात की अमुक अंक वीस वेळा आला नाही, आता येणारच. ठरावीक अंक सलग वीस सोडतींत न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. आणि एकविसाव्या वेळी तो येण्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच, दहात एक. मात्र विकार जडलेल्या माणसाला हे गणित सांगून तो थांबत नाही, तेव्हा वाद घालण्यात रात्री घालवू नयेत.

मग काय करावे? पहिले काम कागदावर. कोणाचे देणे, मुद्दल किती, व्याज किती, जामीनदार कोण, गहाण काय. तोंडी आकड्यावर थांबू नये. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून (प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो त्या व्यक्तीने स्वतः, घरच्यांसमोर काढावा. लपवलेली अ‍ॅपची कर्जे तिथे उघडी पडतात. खासगी सावकार आणि मित्रांची उसनवारी त्यात नसते, ती वेगळी लिहून घ्यावी.

दुसरे काम पैशाची वाट बदलण्याचे. पगार जमा होताच तो पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात वळेल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करावेत, ती सोय प्रत्येक बँकेत आहे. यूपीआयची मर्यादा रोजच्या खर्चापुरती ठेवावी. घराची, जमिनीची कागदपत्रे आणि सोने खेळणाऱ्याच्या हाताशी नको. हे सगळे त्याच्या संमतीने, किती महिन्यांसाठी ते ठरवून करावे. चोरून केले तर तो दुसरे खाते उघडतो. हप्ते थेट कर्ज देणाऱ्याला जावेत, त्याच्या हातून नव्हे, आणि परतफेड त्याच्याच कमाईतून, सावकाश व्हावी.

सगळी देणी सारखी नसतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे सट्ट्यात हरलेली रक्कम बुकीला न्यायालयातून वसूल करता येत नाही. तो धमकावत असेल तर पोलिसांकडे जावे. बँक, पतसंस्थेचे कर्ज मात्र फेडावेच लागते. विनापरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा त्या भीतीने उपचार टाळू नयेत.

कर्ज उघड होण्याचे दिवस सर्वांत धोक्याचे. त्या आठवड्यात माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके हलवावीत, आणि जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, मोफत बोलता येते. घरच्यांनीही तिथे फोन करावा. कंपवातावरील प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारख्या गोळ्या सुरू झाल्यावर एखाद्या वयस्क व्यक्तीला अचानक जुगाराचा नाद लागला, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगावे.

एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. सट्ट्याच्या कर्जातून झालेल्या आत्महत्येची बातमी छापताना १४४१६ हा क्रमांक त्याच चौकटीत द्यावा, आणि मथळ्यात ‘जुगारी’ हा शब्द टाळावा. तो शब्द वाचून पुढचा माणूस कबुली लांबवतो, आणि तेवढ्या अवधीत देणे वाढते.

आपला,
व्यसनमुक्ती समुपदेशक, सांगली